जित्त्या माणसाला आवतण

त्या रविवारी सहदेव राब भाजत होता आणि बाजूच्या टॉवरच्या चौदाव्या मजल्यावरून एक बाई धुराच्या नावानं ओरडत होती. तिच्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती. त्याच्या लेकीनं, योगिनीनं, नोकरी सोडल्याचं नुकतंच त्याच्या कानावर घातलं होतं.

मी सुक्या पाल्याची पाटी घेऊन तिथेच उभी होते. मी कांता, सहदेवच्या भिंतीला माझी भिंत. मानपाड्याच्या पलीकडे आमचा पाडा आहे, म्हणजे जेवढा उरलाय तेवढा. सगळ्यांची शेतं इमारतींखाली गेली, सहदेवची दोन खाचरं तेवढी दोन टॉवरांच्या मधे राहिलीत. वैशाखात तिथली माती अशी तडकते की भेगेत हात जातो. तिच्यावर शेण, पाला, पेंढा पसरून भाजायचं आणि पाऊस आला की तिथेच भाताची रोपं करायची. येणारा भात तीन तोंडांना दिवाळीपर्यंतसुद्धा पुरत नाही. तरी सहदेव दर वर्षी राब भाजतो आणि सोसायटीवाले दर वर्षी तक्रार करतात.

"सोरली?" सहदेवनं हातातली काठी जमिनीत रोवली. "कोनाला इचारून सोरलीस?"

"नोटीस दिलेली आहे बाबा. अजून महिनाभर जायचंय. मग बंद."

"आनि मंग कं करनार?"

"आवडाआजीचं काम. धवला गानार."

सहदेव खोकत खोकत खालीच बसला. तो खोकला धुराचा नव्हता, जुना होता.

आमच्या आगऱ्यांच्या लग्नात भटजी नंतर आला. त्याच्या आधी आणि त्याच्याहून वर धवलारीण असायची. मांडव घातल्यापासून हळद उतरेपर्यंत ती धवला गाते, देवांना बोलावते, तांदूळ, हळद, उंबर सगळ्यांना नावानं हाक मारते. तिच्या तोंडून गायल्याशिवाय आमच्याकडे हळद लागत नाही. आमच्या पाड्याची धवलारीण म्हणजे आवडाबाई. ऐंशीच्या पुढची. पाच गावांची लग्नं तिनं लावली, आता खाटेवरून उठवत नाही.

"तुजंच लग्न नाय झालं अजून," सहदेव म्हणाला. "जिच्या आंगाला हलद नाय लागली ती दुसऱ्याला हलद लावनार? लोकं तोंडात शेन घालतील माज्या."

"आजी बोल्ली चालतं."

"आवडाबायला आज कनचा वार तो म्हाईत नाय. तिचं कं धरून बसलीस?"

"बाबा, तुला माहीत आहे मी तिकडं काय करते? घोडबंदरला दोन तास बसमध्ये बसून जायचं, कानाला हेडफोन लावायचा आणि दिवसभर लोकांना सांगायचं, तुमचा विम्याचा क्लेम पास नाय झाला. परवा एक बाई फोनवर रडली. नवरा दवाखान्यात होता तिचा. तिला मी शेवटी काय बोलले? आपल्याला आणखी काही मदत करू शकते का? ते बोलायलाच लागतं, नाय बोललं तर मार्क कापतात."

"मंग? कामच हाय ते." सहदेव उठला. "बत्तीस वर्सं मी रंगाच्या कंपनीत काडली. आंघोल केली तरी पानी हिरवा जायचा. मना कोनी इचारलं का, सहदेव, तुना आवडतं कं?"

"तुला नाय इचारलं म्हणून मलापण नाय विचारायचं?"

सहदेवनं दुसऱ्या खाचरातल्या राबाला काडी लावली. धूर सरळ टॉवरवर गेला. आता चौदाव्या मजल्यावरची बाई खिडकी लावून आत गेली.

खरं सांगायचं तर मी दोघांच्याही बाजूनं होते. महिन्याचा पगार सोडून कोणी गाणं गायला जातं का, असं माझंही डोकं म्हणत होतं. पण त्या पोरीला मी तीन वर्षं ऐकत आले होते. दर रविवारी ती आवडाबाईच्या खाटेशी बसायची. धवला लिहून घ्यायचा नसतो. म्हातारीनं एक ओळ म्हणायची, हिनं ती परत म्हणायची, चुकली की म्हातारी हातातल्या पंख्याची दांडी मारायची. आठवडाभर तोंड उतरलेली पोरगी त्या खोलीतून बाहेर यायची ती चांगली जेवून आल्यासारखी. तिच्या आईला, कलावतीला, हे मी बोलले तर ती म्हणाली, "कांताबाय, पोट भरलेलं दिसतं म्हनून पोट भरत नाय." तिचंही खोटं नव्हतं.

योगिनीला पहिलं आवतण आलं ते चांगदेवच्या घरचं, नोटिशीचा महिना संपायच्या आत. चांगदेवची जमीन पाड्यात सगळ्यात आधी गेली. आता तो बिल्डरांना रेती-खडी पुरवतो, बंगल्याला त्याच्या काळ्या काचा आहेत. त्याच्या मितेशचं लग्न निघालं. त्याला बँजो हवा होता, ड्रोन हवा होता आणि व्हिडिओवाल्यानं सांगितलं म्हणून धवलारीणही हवी होती. आवडाबाईनं खाटेवरूनच सांगून टाकलं, "माजी पोर येईल." म्हातारीच्या शब्दाला चांगदेव नाही म्हणाला नाही. त्या एका लग्नावर पुढची तीन घरं डोळा ठेवून होती. सहदेव मात्र मला म्हणाला, "बघू दे तिला एकदा तोंडावर पडून. मंग जाईल गपचूप घोडबंदरला."

आता एक गोष्ट सांगायला हवी. हळदीच्या आधी धवलारीण उंबराच्या फांदीशी उभी राहून जुन्यांना आवतण देते. जुने म्हणजे त्या घरातले मेलेले. सगळ्यात वडील जो गेला त्याच्यापासून सुरुवात करून एकेकाचं नाव घ्यायचं, त्याला मांडवात बोलवायचं आणि नावागणिक एक घास पानावर ठेवायचा. कुठल्या घरात कोण गेलं हे धवलारणीच्या तोंडात असतं. चांगदेवच्या घरची नावं योगिनीला आवडाबाईनं शिकवली होती.

मांडवात दुपारची तलखी होती. कंपन्यांचा तो आंबट वास वाऱ्यावर येत होता, पण योगिनीनं पहिली ओळ उचलली आणि बायका पदरानं वारा घ्यायच्या थांबल्या. नऊवारी तिला थोडी मोठी झाली होती. आवाज मात्र जिथं पाहिजे तिथं जात होता.

"या हो या, मांडवाचे दारी या, उंबराचे सावलीला बसाया या."

गोमाबाबाला बोलावलं. हिरूबाबाला बोलावलं. चांगदेवचा बाप नारायण, त्याला बोलावलं. चांगदेवची आई जाईबाई पदर डोळ्याला लावून बसली होती. मी सहदेवकडे पाहिलं. तो खांबाला टेकून उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते, लेकीच्या मागून तोही गात होता. आणि योगिनीनं पुढचं नाव घेतलं.

"सुदेशबाबा या, मांडवाचे दारी या."

सुदेश चांगदेवचा धाकटा भाऊ. जमिनीच्या वाट्यावरून अकरा वर्षांपूर्वी दोघांची तोंडं फिरली आणि तो विठ्ठलवाडीला राहायला गेला. तिथे त्याचं गॅरेज आहे. पुतण्याच्या लग्नाचं त्याला आमंत्रण नव्हतं. पण तो जिवंत होता, माझ्यातुमच्यासारखा धडधाकट.

नवऱ्या मुलानं पाटावरून बापाकडे पाहिलं. चांगदेव योगिनीपुढे येऊन उभा राहिला.

"कोनी शिकवलं तुना ह्यो नाव?"

योगिनीचा चेहरा हळदीपेक्षा पिवळा पडला. तिला कळलं होतं. आवडाबाईचं नाव सांगितलं असतं तर ती तिथल्या तिथे सुटली असती, म्हातारीला भ्रम झालाय हे सगळे जाणून होते. मी मनातल्या मनात म्हणत होते, सांग गं बाई.

"माझी चूक झाली काका," ती म्हणाली. "नाव मी घेतलं."

चांगदेवचा हात वर गेला होता. पण मधेच जाईबाई उठली. हळदीचं ताट तिनं पाटापासून उचललं आणि मांडीवर घेऊन भुईवर बसली.

"माजा पोर जित्ता हाय," ती म्हणाली. "आवतान गेलंय त्याला. ज्याला आवतान गेलं त्यानं जेवाचं. मेल्याच्या वाटचा कावला खातो, जित्त्यानं सोता यायला लागतं. त्याला आना, मंग लागंल हलद."

"आये, मुरत टलंल," चांगदेव म्हणाला.

"टलू दे."

म्हातारी ढिम्म हलेना. पाव्हणे बघत होते, ड्रोन वर घोंघावत होता. शेवटी गाडी विठ्ठलवाडीला गेली. येऊन-जाऊन तीन तास गेले. ताटातली हळद सुकून तिला पापुद्रे आले, बँजोवाले झोपले. योगिनी उंबराच्या फांदीशी उभी होती ती उभीच राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही.

सुदेश आला तो गॅरेजच्या कपड्यांत. आपल्याला कशात बोलावलंय ते त्याला गाडीत कळलं होतं. भावाकडे त्यानं पाहिलं नाही. आईसमोर बसला. जाईबाईनं ताट बाजूला ठेवलं आणि पानावरचा घास उचलून त्याच्या तोंडात घातला, मग दुसरा, मग तिसरा. तो खात होता आणि रडत होता. मग आईच्या पाया पडून आला तसा निघून गेला. योगिनीनं राहिलेला धवला पुरा केला, हळद लागली. ऐकायचं कोणाच्या मनात नव्हतं.

संध्याकाळी चांगदेव सहदेवच्या दारात येऊन म्हणाला, "तुजी पोर परत कोनच्या मांडवात उभी रायली तं बघ. जित्त्याला मारनारी हाय ती." मंगळवारपर्यंत बाकीच्या तिन्ही घरांनी निरोप धाडले, आम्ही दुसरी बघतो.

योगिनीबरोबर मी आवडाबाईकडे गेले. म्हातारीनं तिचा हात धरला.

"सगली नावं घेतलीस ना?"

"घेतली आजी."

"सुदेशचं? बिचारा तरनाताठा गेला."

"त्याचंपण घेतलं."

म्हातारी समाधानानं भिंतीकडे तोंड करून झोपली. बाहेर आल्यावर माझा तोल सुटला.

"कशाला अंगावर घेतलंस? सांगून टाक की लोकांना."

"मग आजीनं आजपर्यंत घेतलेल्या सगळ्या नावांवर लोक शंका घेतील, काकी. आणि चूक माझीच आहे. क्लेम आला की आमचा पहिला प्रश्न असतो, पेशंट हयात आहे का. चार वर्षं रोज विचारते मी. मांडवात उभं राहायच्या आधी एकदा घरात जाऊन विचारलं नाय."

ऑफिसातल्या ऐश्वर्या मॅडमचा फोन आला होता. सोमवारपर्यंत नोटीस मागे घेतलीस तर तुझी खुर्ची तुलाच. सहदेव रागावला नाही, त्यानंच मला जास्त वाईट वाटलं. तो एवढंच म्हणाला, "सोमवारी जा बाय." कलावतीनं ऑफिसचा ड्रेस धुऊन, इस्त्री करून दारामागे लावला. चार रात्री पोरगी जेवली न जेवली. खोलीतून गाण्याचा आवाज बंद झाला आणि भिंतीपलीकडे मला तो नसलेला आवाज ऐकू यायला लागला.

सोमवारी सकाळी साडेसहाला ती खांद्याला पर्स लावून ओट्यावर सँडल घालत होती. मी पाणी भरत होते. तेवढ्यात एक स्कूटर येऊन थांबली. सुदेश.

"सहदेवदादा, पोरीकडं काम हाय."

"ती कामाला चाललीय," सहदेव म्हणाला.

"मी बी कामालाच आयलू." सुदेश ओट्याच्या कडेला बसला. "माज्या पोरीची, मेघनाची हलद हाय पुढच्या आयतवारी. धवला हिनंच गायाचा."

"थट्टा करतस कं रे?"

"नाय दादा. अकरा वर्सं आयच्या हातचा घास नव्हता मना. जित्ता होतू तवा कोनी बोलवलं नाय. हिनं मेल्यात नाव घेतलं म्हनून मिलाला." त्यानं बाहीनं तोंड पुसलं. "माज्या बायकोचं मन धजत नाय. पन मी सांगून आयलू, ती नाय तं कोन नाय."

योगिनी सँडलचा पट्टा धरून तशीच वाकलेली होती. मग तिनं पट्टा सोडला, पर्स खाली ठेवली आणि सुदेशसमोर मांडी घालून बसली.

"काका, घरची नावं सांगा. पहिल्यापासून. आणि एकेका नावाला, जित्ता का गेलेला, ते तुमच्या तोंडानं बोलायचं."

"म्हाईत हायेत तुना."

"मला शिकवलेली माहीत आहेत. तुम्ही सांगा."

सुदेश सांगू लागला. गोमा, गेलेला. हिरू, गेलेला. ती प्रत्येक नाव परत म्हणत होती, डोळे मिटून. नारायण, गेलेला. आई, जाईबाई. "जित्ती हाय," तो घाईनं म्हणाला.

"भाऊ?"

सुदेश ओट्याच्या फरशीकडे बघत राहिला. नाक्यावर कंपनीच्या बसनं दोनदा हॉर्न दिला. कलावती दारात आली, लेकीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि चौकट धरून उभी राहिली.

"भाऊ चांगदेव," योगिनीनं पुन्हा विचारलं. "जित्ता, का गेलेला?"

सहदेवला खोकल्याची ढास आली. ती ओसरल्यावर तो सुदेशवर खेकसला, "अरे, पोर इचारते तं सांग की. तिचं काम हाय ते."

"जित्ता हाय," सुदेश म्हणाला.

"मग त्यांना मी नाय बोलवनार," योगिनी म्हणाली. "माझं आवतण गेलेल्यांना. जित्त्यांना तुम्ही सोता जाऊन बोलवायचं. ते झालं की मला निरोप द्या, मी येते."

सुदेशनं चपला घातल्या, स्कूटर चालू केली. विठ्ठलवाडीला जायचं तर त्याला नाक्याकडे वळायचं होतं. तो पाड्याच्या आत, काळ्या काचांच्या बंगल्याकडे वळला.