चिमटे कुणाचे?

घरातून निघताना ती त्याची आई होती, आणि हॉटेलच्या काचेच्या दारातून पाऊल आत पडलं तशी मॅडम झाली. "या मॅडम, लिफ्ट इकडे," असं म्हणाला की हो पोटचा पोरगा! वर तिच्या हातातली कापडी पिशवी काढून घ्यायला बघत होता, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून. जिजीने पिशवी सोडली नाही. सगळी गल्ली तिला जिजी म्हणायची आणि तिच्या जिभेला टरकून असायची. ह्या धाकट्यावर मात्र तिने कधी आवाज चढवला नव्हता. शेंडेफळ ना!

लिफ्टचं दार मिटल्यावर तो कुजबुजला, "आई, कुणी काही विचारलं तर बोलू नकोस."

"का? मी मुकी आहे?"

"इथे नियम असतात गं. एक रात्र राणीसारखी राहा, बस."

तो ह्या हॉटेलात मजल्यांचा मॅनेजर. काळा कोट, छातीवर बिल्ला. "पोराने हॉटेलात राहायला बोलावलंय," हे जिजीने गल्लीत अशा थाटात सांगितलं होतं की ऐकणाऱ्याला हॉटेल त्याच्याच मालकीचं वाटावं.

खोली होती झकास, नाही कशाला म्हणा. कार्ड खाचेत सरकवलं की दिवे लागायचे. भिंतभर काच, आणि खाली रस्त्यावरच्या गाड्या काडेपेटीएवढ्या. पण न्हाणीघरालाही काचेचीच भिंत! "अंघोळ काय प्रदर्शनात करायची?" म्हणत जिजीने दिवा मालवून अंधारात अंघोळ उरकली. गादी इतकी मऊ, की कूस बदलली की कुणीतरी आपल्याला गिळतंय असं वाटायचं.

सकाळी उठून तिने अंथरूण ताठ घातलं. परक्या बाईने आपलं अंथरूण काढायचं म्हणजे काय, हात मोडलेत का? कप विसळले, बेसिन घासलं, वापरलेले दोन्ही टॉवेल टबात आपटून धुतले. ऊन फक्त खिडकीत होतं. तिने पडद्याच्या दांडीवर टॉवेल पसरले आणि पिशवीतले लाकडी चिमटे काढून लावले. चिमटे घेतल्याशिवाय ती कुठेच मुक्कामाला जात नसे.

तेवढ्यात खोल्या साफ करणारी पोरगी आली. हातात कोरे टॉवेल. "साहेबांनी गुपचूप द्यायला सांगितलेत," म्हणाली.

"गुपचूप? टॉवेल काय चोरीचे आहेत?"

पोरगी हसली. मग पलंगाकडे बघून म्हणाली, "आजी, सगळं तुम्हीच केलंत? माझी नोकरी घालवाल हं!"

"बस घटकाभर. पाय बघ कसे सुजलेत."

ती कडेला बसली, तीही अशी की गादीला वळी पडू नये. घरी सासरे अंथरुणाला खिळलेले, नवऱ्याचं काम सुटलेलं, कमावणारी ती एकटी. एवढं सांगून, पाणी पिऊन ती गेली. ते 'गुपचूप' मात्र जिजीच्या मनात कुसळासारखं राहिलं.

दिवस कलताना धाकटा धापा टाकत आला. "आई, चल, उठ! गच्चीवर बार आहे, तिथे बसू. पिशवी घे. लवकर!"

"आग लागलीय का?"

त्याने पिशवी स्वतःच उचलली. तिला अक्षरशः ओढतच नेलं. टॉवेल खिडकीत राहिले ते राहिलेच.

गच्चीवर उंच खुर्च्या, कठड्याला काच, आणि मागून उजेड सोडलेल्या बाटल्यांच्या रांगा, जणू औषधांचं दुकान. गिऱ्हाईक अजून कुणी नव्हतं. बारवाला पेले पुसत होता. धाकट्याने तिला कोपऱ्यात, एका मोठ्या कुंडीतल्या झाडामागे बसवलं आणि पुढ्यात लिंबाचं सरबत आणवलं.

"इथून हलू नकोस."

"आईला बारात बसवलंस, आता झाडामागे लपवतोयस?"

"आई, हात जोडतो."

त्याच्या कपाळावर घाम होता. गच्चीवर तर गार वारा सुटला होता.

लिफ्ट उघडली. हॉटेलचा मालक बाहेर आला, आणि त्याच्यामागे ती पोरगी, रडून डोळे लाल झालेली. मालकाने मूठ उघडली. तळहातावर दोन लाकडी चिमटे.

"रस्त्यावरून दिसत होतं," मालक म्हणाला. "वरच्या मजल्याच्या खिडकीत टॉवेल वाळत! आणि ती खोली रिकामी आहे. कुणाला दिलेलीच नाही. मग तिथे राहिलं कोण?"

जिजीच्या हातातला पेला तसाच राहिला. आत्ता कुठे तिला कळलं. राणीसारखं राहायचं होतं ते चोरून.

"साहेब, तिथे एक आजी होत्या," पोरगी म्हणाली. "ह्या साहेबांनीच मला टॉवेल द्यायला पाठवलं. विचारा ना त्यांना!"

मालक धाकट्याकडे वळला. "काय रे?"

बारवाल्याचा पेल्यावरचा फडका थांबला. त्याने हळूच झाडाकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"नाही, साहेब," धाकटा म्हणाला. "मी कुणालाच पाठवलं नाही. खोली रिकामीच होती."

पोरगी बघतच राहिली. "साहेब, असं काय करता?"

"कार्ड हिच्याकडे असतं," मालक म्हणाला. "स्वतः लोळली असेल, नाहीतर आपलं कुणी आणून ठेवलं असेल." मग पोरीकडे वळला. "उद्यापासून येऊ नकोस."

जिजीने पेला खाली ठेवला. आपण उठलो तर पोराची नोकरी गेली. नाही उठलो तर ह्या पोरीची चूल विझली. पानांच्या फटीतून धाकट्याची नजर तिच्यावर खिळली होती. लहानपणी काही फोडलं की तो असाच बघायचा, आणि ती पदराआड घ्यायची.

ती उठली. खुर्ची फरशीवर कर्कश वाजली.

"चिमटे माझे आहेत," ती म्हणाली. "जोडीचे आणखी पिशवीत आहेत, ताडून बघा. मी झोपले त्या खोलीत. टॉवेलही मीच धुतले. ह्या पोरीने पलंगाला पाठसुद्धा टेकली नाही."

मालकाने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आणि आपण कोण?"

"त्याला विचारा मी कोण."

वाऱ्याने झाडाची पानं सळसळली. धाकटा बुटांकडे बघत होता. जिजी वाट बघत उभी राहिली. तिने टेबलाचा आधारही घेतला नाही.

"आई आहे," शेवटी तो म्हणाला. "माझी."

मालकाने चिमटे बारच्या फळीवर ठेवले. पोरीला म्हणाला, "तू जा, कामाला लाग." धाकट्याला म्हणाला, "तू खाली ये. बिल्ला काढून ये." आणि तो लिफ्टने गेला.

पोरगी मात्र जागची हलली नाही. धाकटा जिजीजवळ आला, रडवेला होऊन. "आई, तुझ्यासाठीच केलं ना गं सगळं? आई..."

जिजीने चिमटे उचलले, पिशवीत टाकले, आणि बारवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "खालती मॅडम म्हणालास, मी गिळलं. झाडामागे बसवलंस, तेही गिळलं. पण ह्या पोरीच्या तोंडावर खोटं बोललास, ते माझ्या घशाखाली उतरत नाही. नोकरी गेली तर जाऊ दे, दोन घास मी घालीन. पण आधी हिच्यासमोर उभा राहा आणि म्हण, मी खोटं बोललो. तोवर मला आई म्हणायचं नाही. मॅडमच म्हण."