चाळीस झाकणं

देशभरातल्या पदवी विद्यार्थ्यांच्या संशोधन पुरस्कारांत जीवशास्त्राचा पहिला क्रमांक तिचा आला होता. विभागाच्या अकरा वर्षांत असं काही पहिल्यांदाच घडत होतं, त्यामुळे दोन दिवसांत तिला जिन्यात थांबवून हसणारे, आणि आजवर तिला न ओळखणारे, सहा जण वाढले होते. आता एकच काम उरलं होतं. स्वीकृतीच्या अर्जावर ‘सर्व नोंदी खऱ्या आहेत’ या ओळीखाली सही. मुदत दुपारी बाराची.

साडेअकराला ती फोटोसाठी आपला पांढरा कोट आणायला प्रयोगशाळेत गेली.

“बक्षिसात माझाही वाटा आहे बरं का,” काचेच्या बश्या धूत मामा म्हणाले. प्रयोगशाळेची सगळी धुणीपुसणी त्यांच्याकडे. “तुझ्या प्रयोगाच्या बश्यांच्या झाकणांना आतून घाम सुटला होता. तू तिसऱ्या दिवशी आली नव्हतीस ना, तेव्हा मीच पुसून काढली.”

“एकेक करून?”

“एकेक कोण करत बसतं, पोरी! चाळीसच्या चाळीस काढली, टेबलावर पालथी घातली, पुसली, परत लावली. लखलखीत!”

ती स्टुलावर बसलीच. वीस बश्यांत साधं बी, वीस बश्यांत मिठाच्या पाण्यात भिजवलेलं. कोंब फुटेपर्यंत दिसायला सगळी सख्खी भावंडं. कुठलं कोणतं, ते फक्त झाकणांवर लिहिलेलं. खूण बशीच्या बुडाला करा, हे पहिल्या वर्षी शिकवतात; तिसऱ्या वर्षापर्यंत ते कोण लक्षात ठेवतं? आणि मिठातलं बी आधी रुजलं, या उफराट्या निकालावरच तर परीक्षक भाळले होते.

“मामा, झाकणं ज्याची त्यालाच लागली ना?”

“लागली असतीलच की! नाहीतर बक्षीस कसं मिळालं असतं?”

मार्गदर्शक मॅडमच्या खोलीत तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं. मॅडम उठल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

“आणखी कुणाला माहीत आहे?”

“मामांना. पण स्वतःला काय माहीत आहे, हे त्यांना माहीत नाही.”

“मग झाकणं बरोबरच लागली असतील.”

“असतील. पण प्रयोग परत करायला दहा दिवस लागतील.”

“तुझ्याकडे अठरा मिनिटं आहेत.” मार्गदर्शकाच्या जागी मॅडमनी सही ठोकली आणि अर्ज पुढे सरकवला. “इतकी वर्षं या विभागाला कुणी विचारलं नाही. बाकी तू सुज्ञ आहेस.”

त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मुद्दामच.

तिनं पेन टेकवलं. नावाचं पहिलं अक्षर उमटलं, दुसऱ्याचा काना झाला. उद्या कुणी तिच्या भरवशावर मूठभर बी मिठात भिजवलं तर? आणि ते रुजलंच नाही तर? तिनं अक्षरावर आडवी रेघ मारली आणि टेबलावरचा फोन ओढून घेतला.

“माघार?” पुरस्कार कार्यालयातली बाई गोंधळली. “कारण काय लिहू? आजारपण, प्रवास की इतर?”

“इतर. मी खुणा झाकणांवर केल्या आणि झाकणं हलली. निकाल उलटासुद्धा असू शकतो. चूक माझी.”

“थोडक्यात सांगा हो, रकाना लहान आहे.”

खिडकीशी मॅडमची पाठ ताठ झालेली तिला दिसत होती.

“लिहा,” ती म्हणाली, “खात्री नाही.”