कॅमेऱ्यामागची बडबड

चष्मेवाल्याच्या हाताला एक खोड होती. काचेवर ओरखडा दिसला की तो घासून काढल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. दुकानात ती कामाची होती. घरी बायको म्हणायची, "माझ्याकडे असं निरखून बघत जाऊ नका, मी काही फ्रेम नाही."

आई गेली आणि वर्षाच्या आत बाबा ताईकडे राहायला गेले. ताईचं घर लांब, मनात आलं की उठून जावं असं नाही. फोनवर बाबा दोन वाक्यांत आटपत. एकदा मात्र जाता जाता म्हणाले, "आपले ते जुने व्हिडिओ बघायला मिळाले असते तर बरं वाटलं असतं."

त्याला तेवढं पुरलं. दुकानातला जुना कॉम्प्युटर त्याने घरी आणला, त्यात मोठी हार्ड डिस्क बसवली आणि राउटरशेजारी त्याला जागा करून दिली. सगळं इथे साठवायचं, आणि बाबांनी तिकडे ताईच्या टीव्हीवर हवं तेव्हा हवं ते लावायचं. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे थिएटर काढलंस की. तिकीट किती?"

कॅसेटी आईच्या पेटीत होत्या. बऱ्याच बुरशीने खराब व्हायला आल्या होत्या. त्याने त्या एकदा कशाबशा कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या आणि टाकून दिल्या.

कॅमेरा कायम आईच्या हातात असायचा. त्यामुळे इतक्या वर्षांत ती एकाही चित्रात नव्हती. होती ती तिची बडबड. "अगं, केस बाजूला कर." "अहो, पोट आत घ्या." मधेच हळू आवाजात प्रार्थनेची एखादी ओळ. घरात सगळे त्याला धावतं वर्णन म्हणत आणि हसत. माईक तिच्या तोंडाशीच, त्यामुळे तिचा आवाज फाटायचा आणि बाकीच्यांचं बोलणं बुडून जायचं.

पहिल्या दिवशी तो ऐकत बसला आणि उठून तोंड धुऊन आला. दुसऱ्या दिवशीही तेच. काम पुढे सरकेना. मग त्याने स्वतःची समजूत घातली की ही खरखर आहे, हिच्यामुळे बाकी काही नीट ऐकू येत नाही. पडद्यावर आवाजाच्या हिरव्या लाटा दिसत. जिथे आईची लाट उठे तिथे तो ती पुसून टाकी आणि त्या जागी बासरीचे मंद सूर बसवी. आता हात भराभर चालू लागला.

"आईंचा आवाज काढून टाकलात?" बायकोने दारातूनच विचारलं. "बाबांना विचारलंत का?"

"अगं, नुसती खरखर होती. बघ, कसं स्वच्छ झालंय."

ती दारातूनच मागे फिरली. डिस्क भरत आली तशा त्याने मूळ फायलीही काढून टाकल्या.

रविवारी दुपारी ताईने व्हिडिओ कॉल लावला आणि टीव्ही व बाबा दोन्ही दिसतील असा फोन उभा करून ठेवला. पासवर्ड दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला. समुद्रकिनारा आला. लहानगी ताई फ्रॉक सावरत पाण्याकडे धावत होती.

"आवाज येतोय ना, बाबा?"

"बासरी येतेय." बाबांनी विचारलं, "ही कुठंय?"

"आई कॅमेऱ्यामागे आहे, बाबा. ती दिसत नाही कुठेच."

"दिसत नाही ते माहीत आहे रे मला. बोलत का नाही?"

त्याने सांगितलं. सांगताना आपण काय पुसलं ते त्याचं त्यालाच कळत गेलं.

"मूळचं ठेवलं असशील ना?"

"नाही, बाबा."

"कुणी सांगितला होता हा शहाणपणा?" ताई म्हणाली.

"असू दे. बोलू नकोस त्याला," बाबा म्हणाले. "चालू ठेव."

चित्र पुढे सरकलं. बासरी सुरू झाली तसे बाबा हलक्या आवाजात म्हणाले, "इथे ती म्हणाली, लाटेकडे पाठ करू नकोस." पुढच्या बासरीला म्हणाले, "आणि इथे मला. अहो, हसायला पैसे पडत नाहीत." पडद्यावरचे तरुण बाबा खरंच हसले.

मग ताईच्या शाळेचं आवार आलं. ताई रडत होती. एकाएकी तिने कॅमेऱ्याकडे मान वर केली आणि खुदकन हसली. बासरी वाजत होती. बाबा पडद्याकडे झुकले.

"इथे काय म्हणाली होती ती? आठवेना बघ. ताई?"

ताईने नकारार्थी मान हलवली.

"तू तर आत्ताच ऐकलं असशील," बाबा फोनकडे वळले. "पुसायच्या आधी."

त्याने ऐकलं होतं. ते बोलणं ऐकणारा शेवटचा माणूस तोच होता. त्याने डोळे मिटून आठवून पाहिलं. आठवली ती फक्त एक हिरवी लाट, दोन शेंड्यांची, आणि ती किती सफाईने निघाली होती ते.

"नाही आठवत, बाबा," तो म्हणाला.

बाबांनी पुन्हा टीव्हीकडे तोंड केलं. पडद्यावर ताई हसतच होती. बासरी संपेपर्यंत तिघेही तसेच बसून राहिले.