शेजारची मावशी

सुंदरीने कंदाला चिकटलेली माती कोयत्याच्या पाठीने खरवडली आणि अंगणात मोटारसायकल लावणाऱ्या माणसाला मान वर न करताच विचारलं,

"कुणाचं घर पायजे?"

"रक्षिताचं. पंचायतीत कॉम्प्युटरवर असते ती. माझं नाव महाबळेश्वर, खानापूरहून आलोय."

आता तिने मान वर केली. चाळिशीचा असेल. कानाशी केस पिकलेले, शर्ट इस्त्रीचा. चपला त्याने पायरीखाली काढल्या, त्याही नीट जोडून. गेले सहा महिने रक्षिता कामावरून आली की रेंज मिळते त्या टेकाडावर जाऊन बसायची आणि उतरताना एकटीच हसायची. सुंदरीला तेव्हाच कळलं होतं. आपल्या पोरीला आलेली पाच स्थळं तिनेच तोंडावर बोलून परतवली होती. एकाला ती म्हणाली होती, तू चालतोस का वाऱ्यानं हलतोस? पण या माणसाला तिने चपलांवरूनच पास केलं.

"बसा. बसनं येईल इतक्यात."

"खरं म्हणजे रविवारचं ठरलं होतं. पण मला सुट्टी आजच मिळाली. न सांगताच आलो." तो कठड्यावर टेकला. "मावशी, तुम्ही शेजारच्या का?"

रविवारी सुंदरीला अणशीला बहिणीकडे पाठवायचं लेकीनेच ठरवलं होतं. साडीसुद्धा घडी करून ठेवली होती.

"मी व्हय..." ती सांगायला लागली, तेवढ्यात त्याने पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. चंदनाच्या सालींचा हार होता. मध्ये लाल गोंडा.

"तिच्या आईच्या फोटोला. शिरसीहून मागवला."

कोयता थांबला.

"कुणाच्या आईच्या?"

"रक्षिताच्या. दोन वर्षं झाली ना त्यांना जाऊन?" त्याने आवाज खाली आणला. "मी पहिल्यांदा विचारलं, घरी कोण कोण आहे, तर तिने लिहिलं, कुणी नाही. मी लिहिलं, मग जेवलीस का म्हणून कोण विचारतं? दोन दिवस काही उत्तर नाही. मग आईबद्दल लिहीत सुटली. कधी आवाज चढवून बोलल्या नाहीत म्हणे. ही पंचवीस वर्षांची होईपर्यंत तिचे केस विंचरून द्यायच्या. मावशी, वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी यायचं."

सुंदरीने लेकीचे केस शेवटचे विंचरले तेव्हा पोर सात वर्षांची होती. उवा निघाल्या म्हणून त्याच दिवशी तिने ते कात्रीने मुळापासून कापले होते.

"तुम्ही तर जवळून बघितलं असेल. कशा होत्या?"

एक शब्द पुरला असता. मोटारसायकल आल्या वाटेनं गेली असती आणि रक्षिता पुन्हा पंचायतीत दुसऱ्यांचे दाखले काढत बसली असती, छत्तिसाव्या वर्षी, सदतिसाव्या, पन्नासाव्या.

"तोंडाची फटकळ होती," सुंदरी म्हणाली.

तो हसला. "रक्षिता तर तसं काही बोलली नाही."

"लेकरू हाय. मेल्या माणसाचं वाईट कसं लिवंल?"

"फोटो आत आहे का? घालू हार?"

आत भिंतीवर फक्त नवऱ्याचा फोटो होता.

"काच फुटली. रामनगरला दिलाय बसवायला."

खोटं बोलणाऱ्याची जीभ अडखळते, असं ती गावभर सांगत आली होती. तिची अडखळली नाही. इतकं सरळ निघालं की तिने स्वतःच पुन्हा एकदा मनात ऐकून घेतलं.

कुंपणाच्या वळणावर रक्षिता दिसली. मोटारसायकल बघून तिचे पाय भरभर पडले, आणि अंगणात दोघांना समोरासमोर बसलेलं बघून थांबले. खांद्यावरची पर्स कोपरापर्यंत घसरली. ती त्याच्याकडे बघत नव्हती. आईकडे बघत होती.

सुंदरी मांडीवरची माती बोटाने टिपत बसली. आईला अव्वा म्हणून हाक मारायला फार वेळ लागत नाही.

"मावशी," रक्षिता म्हणाली, "तुम्ही कशाला थांबलाय एवढ्या उन्हाच्या?"

"व्हय गो. निघालेच." सुंदरी गुडघ्यावर हात देऊन उठली. "पावणं एकटंच होतं म्हणून बसले. हे घे, तुझ्या आईसाठी आणलाय."

हार घेताना रक्षिताची बोटं थंड लागली.

"सकाळचा तुझा भात हाय न्हवं? दोघांना पुरंल." पायरी उतरून ती मागे वळली. "आणि केस विंचर जरा. वाऱ्यानं इस्कटल्यात."

रक्षिताने मान खाली घातली. तो माणूस हात जोडून उभा राहिला होता. चांगल्या घरचा होता.

तिच्या चपला आत मागच्या दारापाशी होत्या. शेजारणीने त्या आणायला आत जायचं काय कारण? ती तशीच निघाली. शेतातली धसकटं पायाला टोचत होती. शेजारीण येसूचं घर शेतापलीकडेच होतं.

"सुंदरे, अनवाणी?" येसू पडवीतून ओरडली. "आणि ती मोटारसायकल कुणाची गो तुझ्या दारात?"

"आधी पाणी दे. मग चौकशा कर."

येसूने गूळ-पाणी आणलं. सुंदरीने गूळ तसाच ठेवला, पाणी मात्र सगळं प्याली.

"रक्षिताला बघाय आलाय," ती म्हणाली. "माणूस बरा हाय."

"अगो मग तू हितं काय करतेस? आईनं तिथं बसाय नको व्हय?"

"बसले की. लई येळ बसले."

येसूला काही उमगलं नाही. तिने एकदा सुंदरीच्या पायांकडे बघितलं, एकदा शेतापलीकडे.

"आता परत कवा जाणार?"

"हाक मारंल की पोरगी."

 पलीकडून भांड्याचा आवाज आला, मग रक्षिताचं हसू, टेकाडावरून उतरतानाचं. सुंदरीने पदराने तोंड पुसलं.

"पण येसू," ती म्हणाली, "काय म्हणून हाक मारंल गो?"