आत्याच्या तोंडचं नाव

बारसं संध्याकाळी होतं आणि भाचीच्या कानात कोणतं नाव सांगायचं, हे रोहिणीचं अजून ठरत नव्हतं.

तिचा भाऊ हर्षल आणि त्याची इंग्रज बायको ग्रेस यांनी लीड्सला जन्मदाखल्यावर नाव लिहून टाकलं होतं: राणी. ग्रेसला ते नावांच्या इंग्रजी पुस्तकात सापडलं होतं. मूळ हिंदी, अर्थ राज्य करणारी स्त्री. तिकडच्या जिभेलाही सोपं.

इकडे वत्सलाबाईंचा जीव खालीवर होत होता. "राणी काय? ओझरला आपल्या म्हशीचं नाव होतं ते. तू ज्ञानदा सांग."

"आई, दाखल्यावर चढलंय."

"दाखला सरकारचा. कान आपला. आत्या सांगेल ते नाव."

रोहिणी रसायनशास्त्रात एमएस्सी झालेली. चव घेतल्याशिवाय चहात साखर आहे हेही ती मानत नसे. तिने पार द्वारका चौकापर्यंत चौकशी केली. राणी नावाची एक शिक्षिका निघाली, एक ब्यूटी पार्लर आणि एक शेळी. नंतर कुणीतरी हसत सांगण्यापेक्षा आपणच सांगावं, म्हणून तिने हे सगळं ग्रेसच्या कानावर घातलं.

ग्रेसचा चेहरा पडला. "म्हणजे लोक माझ्या मुलीला हसतील?"

"पुस्तकातला अर्थ बरोबर आहे गं. पण कोण कोणाला कधी म्हणतं, ते पुस्तकात नसतं."

"मग कधी म्हणतात?"

तेवढ्यात आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. वत्सलाबाई तिला तेल लावत होत्या. "नाही रडायचं गं माझी राणी. झालं हं, झालं. शहाणी गं राणी माझी ती."

दोघी दारात थबकल्या. ग्रेसला त्यातला एकच शब्द कळला, पण तो पुरेसा होता.

संध्याकाळी रोहिणी पाळण्यावर वाकली, कुर्रर्र केलं आणि कानात म्हणाली, "राणी." मग तेच मोठ्याने सांगितलं. रिवाजाप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीवर धपाटे घातले. सगळ्यांत जोरात आईचा.

"ज्ञानदा कुठे गेली?"

"सकाळी तेल लावताना तू हिला काय म्हणत होतीस?"

"मी कुठे काय..." वत्सलाबाई अडखळल्या. आठवलं तशा पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मग बाळाला उचलून म्हणाल्या, "तुझ्या वहिनीला सांग, नुसतं राणी म्हणायचं नाही. आधी 'माझी' लावायचं."

रोहिणीने ते ग्रेसला इंग्रजीत सांगितलं. ग्रेसने लगेच म्हणून पाहिलं. 'ण' काही जमला नाही, तेव्हा बायकांनी तिलाही एक धपाटा दिला.