म्हशीचं दूध आणि करडईचं तेल

मित्रांनो, मी एक जुना फुटबॉल आहे. तुमच्यापैकी कोणीही मला उचललं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "केवढा जड हाय ह्यो!" तुमचं चुकत नाही. मी जड आहे, पण जन्माला आलो तेव्हा असा नव्हतो. मला जड केलं ते मायेनं. ती माया ज्यांची, ते बारामतीजवळच्या पणदऱ्याचे रामहरीआबा पुढं बरेच दिवस म्हशीची धार काढताना माझ्याकडे पाठ करून बसत. मी गोठ्यातल्या खुंटीला. माझ्याकडे पाठ करायची म्हणजे म्हशीच्या उलट्या बाजूला बसावं लागे, आणि म्हशीला ती सवय नव्हती. ती लाथ झाडायची. आबा मुकाट्यानं लाथ खायचे, पण बाजू बदलायचे नाहीत. असं का, तेच आज सांगायचं आहे.

माझा जन्म पंजाबातल्या सियालकोटचा. कमावलेल्या कातड्याचे तुकडे शिवून, पोटात रबरी ब्लॅडर घालून, वरच्या फटीला बुटासारखी नाडी बांधून मला तयार केलं. कालव्यावर नेमणूक झालेल्या एका साहेबाच्या सामानात बसून मी बारामतीला आलो. संध्याकाळी बंगल्यापुढं मला लाथाडल्याशिवाय त्या साहेबाला चहा गोड लागत नसे. बघता बघता बारामतीच्या पोरांनाही हे वेड लागलं आणि कऱ्हा नदीच्या कोरड्या पात्रात खेळ सुरू झाला. रामहरीआबा बंगल्यावर गूळ पोचवायला येत ते खेळ संपेपर्यंत हलत नसत. बदली झाली तेव्हा साहेबानं मला त्यांच्याच हाती दिलं. आबा जुने पैलवान, कान फुटलेले. फुटबॉल त्यांनी जन्मात खेळला नव्हता, पण त्यावर बोलायला ते कोणाला ऐकत नसत. घरी मात्र त्यांच्या बायकोनं, प्रयागबाईंनी, सांगितलं की हे कातडं देवाच्या जवळपास नको. म्हणून माझी खुंटी गोठ्यात लागली.

आता गावच्या जोतीराम नावाच्या पोराबद्दल सांगतो. तो पाटकऱ्याच्या हाताखाली होता. पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी ज्याच्या त्याच्या शेताला सोडणारा माणूस. पाणी सुटलं की कोणाची पाळी आली हा निरोप शेताशेतांत नेण्याचं काम जोतीरामचं. पाणी पोचायच्या आत निरोप पोचला पाहिजे, नाहीतर एकाचा ऊस तुंबायचा आणि दुसऱ्याचा वाळायचा. तेव्हा हा गडी पाटाच्या कडेनं अनवाणी पळायचा, पाण्याशी शर्यत लावून. तेच पाय घेऊन तो कऱ्हेच्या वाळूत उतरला. त्याचा पाय लागला की मला लाथ बसली असं वाटायचंच नाही. ओळखीच्या माणसानं बाजारातून हाताला धरून न्यावं तसा मी त्याच्याबरोबर निघायचो. लोक म्हणत, हे पोरगं चेंडूच्या मागं नाही पळत, चेंडूच्या आधी पोचतं. ते ऐकून मीही फुगायचो, आणि ती हवा पंपाची नव्हती.

सन अडतीसच्या जून महिन्यात फ्रान्स देशात जगभरच्या संघांची फुटबॉलची स्पर्धा चालू होती. तिची बातमी आम्हाला मिळायची ती मोहनरावांकडून. मोहनराव इंदापूरच्या एका वकिलांचे कारकून. वकिलांचं इंग्रजी वर्तमानपत्र शिळं झालं की ते मोहनरावांच्या मालकीचं होई, आणि दर गुरुवारी बारामतीच्या बाजाराला आले की स्टेशनाजवळच्या चहाच्या दुकानात ते त्याचं पुराण लावत. आबा मला पिशवीत घालून घेऊन जात, म्हणून मीही ऐकत असे. ब्राझील नावाच्या देशाचा एक गडी गोलावर गोल करतोय आणि चिखलात बूट फाटला तेव्हा तो अनवाणी खेळायला निघाला होता, असं मोहनराव सांगत. खरंखोटं त्या वर्तमानपत्रालाच ठाऊक.

आबांना एवढं पुरे झालं. आपला जोतीराम तरी कुठं बूट घालून जन्मलाय, असं म्हणून त्यांनी बशी खाली ठेवली. झालं, दुकानात दोन तट पडले. बारामतीकर म्हणाले, पोरगं जगाच्या स्पर्धेत खेळेल. इंदापूरकर म्हणाले, आधी इंदापुरात खेळू द्या. त्यातच मोहनरावांनी दुसरी बातमी फोडली. दसऱ्यानंतर इंदापूर-बारामती सामना पाहायला पुण्याच्या एका मोठ्या क्लबाचे गृहस्थ येणार होते. मुलगा पसंत पडला तर ते त्याला पुण्याला नेणार आणि कारखान्यात कामालाही लावणार. पुणं झालं की मुंबई, मुंबई झाली की हिंदुस्थानचा संघ आणि मग बोट. चहा संपायच्या आत आबांनी जोतीरामला बोटीत बसवलंसुद्धा.

मोहनराव हसून म्हणाले, "चपळ हाय, कबूल. पन अंगावर मूठभर मांस न्हाय. ते गोरे गडी म्हंजी रेडे. एकाचा खांदा लागला तर तुमचं पोरगं उसाच्या चिपाडागत उडंल, रामहरीआबा."

दुकान खो खो हसलं. आबा हसले नाहीत. जोतीराम दाराशी उभा होता, त्यानंही ते ऐकलं.

मित्रांनो, आमच्या भागात एक रीत आहे. जत्रेच्या कुस्तीसाठी एखादा पोरगा हेरला की त्याला अख्खं गाव पोसतं. दूध, तूप, बदाम, खारका, आणि काम म्हणाल तर इकडची काडी तिकडे नाही. घाम गाळायचा तो जोर-बैठकांत, बाकी खाऊन निजायचं. आबांना माणूस घडवण्याची ही एकच रीत ठाऊक होती. त्यांनी पाटकऱ्याला सांगून जोतीरामला कामावरून सोडवलं. उगाच मैलोन्‌मैल पळून पोराचं रक्त आटतंय, म्हणाले. सकाळ-संध्याकाळ म्हशीखालून उठले की धारोष्ण दुधाचा तांब्या ते त्याच्या हाती देत आणि रिकामा होईपर्यंत समोर उभे राहत. गावानं तूप दिलं, कोणी खारका दिल्या. जोतीरामला मालिश करून उरलेलं करडईचं तेल आबा मला चोळत, तेही रोज. कातडं तेल पितं, त्याला पुरे म्हणता येत नाही. मी फुगलो नाही, नुसता जड होत गेलो.

श्रावणात एकदा गोठ्यातलं रेडकू सुटलं. जोतीराम त्याच्यामागं पळाला आणि दारच्या कडुलिंबापाशीच गुडघ्यांवर हात टेकून थांबला. रेडकू प्रयागबाईंनी धरून आणलं. त्या म्हणाल्या, "अवो, पोराला दम लागतुय. बघितलंत का?"

आबांनी बघितलं होतं. त्यांचा चेहरा कसा पडला ते मी खुंटीवरून पाहिलं. कुस्तीचा जाणता माणूस तो, दम तुटलेला गडी त्यांना कळणार नाही होय? पण दर गुरुवारी मोहनरावांसमोर त्यांनी जोतीरामचा दंड दाखवला होता. आता माघार घ्यायची म्हणजे भर दुकानात नाक कापून घ्यायचं. अंग भरताना दम लागायचाच, असं म्हणून त्यांनी त्या संध्याकाळी तांब्या आणखी काठोकाठ भरला.  मी सगळं पाहिलं होतं, म्हणून त्या दिवसापासून ते माझ्याकडे बघायला कचरू लागले.

दसरा झाला. इंदापूरच्या माळावर सामना उभा राहिला. पुण्याचे गृहस्थ छत्री घेऊन खुर्चीवर बसले होते. सुरुवातीला इंदापूरचे दोन दांडगे गडी जोतीरामच्या अंगावर आले आणि दोघेही त्याच्या खांद्याला लागून आडवे झाले. आबांनी गर्दीत मोहनरावांना शोधून मिशीवरून हात फिरवला. पण खेळ रंगला तसं माझं मला कळू लागलं. मोकळ्या जागेत कोणी मला पुढं ढकललं की पूर्वी जोतीराम तिथं हजर असायचा. आता मी पोचायचो, थांबायचो, आणि तो यायचा. त्याच्या छातीचा भाता मला लांबून ऐकू येत होता. शेवटी शेवटी त्याला एक संधी मिळाली. त्यानं जीव खाऊन मला मारलं. मी तेलानं जड, तो दुधानं जड. कसाबसा गडगडत मी इंदापूरच्या गोलकीपरच्या हातात गेलो.

पुण्याचे गृहस्थ भले होते. उठताना त्यांनी आबांची समजूत काढली. "मुलगा ताकदवान आहे. पण ताकदवान मुलं आमच्याकडे पुष्कळ आहेत. मला पळणारा हवा होता."

मोहनरावांचा इंदापूरचा तट वाद जिंकला होता. परतीच्या वाटेवर बैलगाडीत मी पिशवीत होतो आणि पिशवी आबांच्या मांडीवर होती. 

दुसऱ्या दिवशी धारेच्या वेळी जोतीराम गोठ्यात आला. खाली मान घालून म्हणाला, "आबा, तुमच्या दुधाला मी जागलो न्हाय. माफी करा."

आबांचा हात कासेवर थांबला. आता बोलतील, आता बोलतील, असं मला वाटलं.  पण बाहेर पडलं ते एवढंच, "असूं दे, पोरा." क्षमा ज्यांनी मागायची त्यांनीच ती करून टाकली. जोतीराम हलक्या मनानं गेला आणि आबांनी धार अर्धीच सोडली. मग उठले, आणि दुसऱ्या सकाळपासून म्हशीच्या उलट्या बाजूला बसू लागले.

पाटकऱ्याकडची जागा तोवर दुसऱ्या पोरानं धरली होती. जोतीराम आबांच्याच गुऱ्हाळावर ऊस वाहू लागला. पुढच्या वर्षी विलायतेत लढाई पेटली. जगाची स्पर्धा बंद पडली आणि पुण्याचे गृहस्थही पुन्हा आले नाहीत. आबांनी गुरुवारचा बाजार सोडला. गूळ दुसऱ्याच्या गाडीतून जाई. दूध त्यांच्या घशाखाली उतरेना. प्रयागबाई म्हणायच्या की यांना कोणाची नजर लागली. नजर माझी होती, मित्रांनो, पण मी खुंटीवर टांगलेला, मी काय बोलणार?

जोतीराम गावच्या पोरांना सांजचं खेळायला शिकवायचा. एकदा मला न्यायचं तो विसरला, म्हणून आबा स्वतः मला काखेत घेऊन खळ्याकडे निघाले. जोतीरामभोवती पोरं कोंडाळं करून बसली होती. तो त्यांना समजावत होता, "गावानं माझ्यासाठी लई केलं. आबांनी सवताच्या तोंडचं दूध दिलं, अन् म्या माती केली. तुमी माझ्यावानी खाल्ल्या घरचं इसरू नका."

मला काखेत धरलेला आबांचा हात असा आवळला की माझी नाडी ताणली. ते तसेच पोरांच्या मधे जाऊन उभे राहिले.

"खोटं हाय त्ये," ते म्हणाले. "ह्यानं काय बी माती केली न्हाय. ह्येचं पळणं म्या बंद केलं. ह्येचा दम म्या मोडला. श्रावणात माझ्या डोळ्यांनी बघितलं, तरी मोहनरावाफुडं नाक खाली जाईल म्हनून गप बसलो. माफी म्या मागायची हुती, जोतीराम. म्या न्हाय मागितली."

 आबांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, कारण आता दोन्ही हातांनी त्यांनी मला धरलं होतं. जोतीरामनं मला त्यांच्याकडून घेतलं.

"मला बी श्रावणातच कळलं हुतं, आबा," तो हळूच म्हणाला. "दूध पोटात डुचमळायचं. पाय उचलायचं न्हाईत. पन तुमी तांब्या घिऊन म्होरं उभं ऱ्हायचा. एवढ्या मायेला न्हाय कसं म्हनू?"

"म्हनायचं हुतंस रं."

"तुमी कवा इचारलं?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. म्हणून तर तो प्रश्न आबांना इतका लागला. ते वाळक्या पाचटावर मटकन खाली बसले, आणि जोतीराम मला मांडीवर घेऊन त्यांच्या शेजारी बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा म्हशीच्या नेहमीच्या बाजूला बसले. माझ्याकडे तोंड करून. म्हशीनं लाथ झाडली नाही. ऊस घेऊन जोतीराम दारावरून चालला होता, त्याला आबांनी हाक मारली. तांब्या हातात होता, पण पुढं केला नव्हता.

"देऊ का?" त्यांनी विचारलं.

जोतीरामनं क्षणभर विचार केला. "अर्धा," तो म्हणाला.

मित्रांनो, एवढंच सांगायला मी तुम्हाला थांबवलं. माझ्या अंगातलं ते तेल काही गेलं नाही आणि जोतीरामची बोट काही परत आली नाही. आबांनी वाईट एकही गोष्ट दिली नव्हती, तरी त्यांना जन्मभर रुखरुख लागली. म्हणून उद्या माझ्यात हवा भराल तेव्हा पंप मधेच थांबवा आणि अंगठ्यानं मला दाबून बघा. पुरे कुठं ते मी तिथं सांगतो. अन् मला तोंड नाही म्हणून अंगठा लागतो. ज्यांना तोंड आहे त्यांना विचारत जा.