मैदानाकडे पाठ

बातमी आली तेव्हा वहिनी खालच्या जबड्याची एक कवळी पॉलिश करत होत्या. दातांच्या लॅबमध्ये ते यंत्र सुरू असलं की कानाशी कुणी ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून पलीकडच्या टेबलावर मेणात दात बसवणारी सहकारीण उठून आली आणि तिनं मोबाइलच त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

मास्तरांनी राजीनामा दिला होता. तडकाफडकी. क्लबनं चार वाक्यांचं पत्रक काढलं होतं. वैयक्तिक कारण, आभार, पुढील वाटचालीस शुभेच्छा.

वहिनींनी यंत्र बंद केलं. कवळी पाण्यात बुडवून धुतली, हिरडीच्या गुलाबी भागावरून अंगठा फिरवला, कुठे खरखरत नाही ना ते पाहिलं.

"अहो, बोला काहीतरी," सहकारीण म्हणाली. "दातखिळी बसली की काय?"

"बघते घरी गेल्यावर," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी पुढची कवळी उचलली.

सहकारीण बघतच राहिली. फुटबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण क्लबच्या कोचनं राजीनामा दिल्यावर या बाईनं आकाशपाताळ एक करायला हवं, एवढं तिलाही कळत होतं. कारण मॅचच्या दिवशी सगळ्या स्टेडियमला ऐकू जायचा तो ढोल वहिनींचा होता.

खरं तर ढोल त्यांच्या नवऱ्याचा. त्याला सगळे दादा म्हणायचे, म्हणून त्या सगळ्यांच्या वहिनी. दादा पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला होता आणि सुटीच्या दिवशी क्लबच्या स्टँडचा राजा होता. सगळ्यांत खालच्या पायरीवर एक लोखंडी चौथरा आहे. त्यावर तो उभा राहायचा, तोंड लोकांकडे आणि पाठ मैदानाकडे. "माझं तोंड दिसलं नाही तर यांचा ताल सुटतो," असं म्हणायचा. मागे गोल झाला की लोकांच्या चेहऱ्यांवरून त्याला कळायचं.

गेल्याच्या गेल्या वर्षी तो पंपावरच कोसळला आणि गेला. पुढच्या मॅचच्या सकाळी धाकटा दीर ढोल घेऊन दारात उभा राहिला. "वहिनी, तुम्हीच वाजवा. दुसऱ्या कुणाच्या हातात बघवणार नाही मला." वहिनींनी वाजवला. स्टँडमध्ये बाप्ये रडत होते, वहिनींच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. आधी लोकांना वाटलं, धक्का बसलाय. मग म्हणाले, काय खंबीर बाई आहे. मग तो विषयच संपला. वहिनी चौथऱ्यावर चढत राहिल्या.

संध्याकाळी स्टँडमधले सगळे पेंटरच्या दुकानात जमले. पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि मॅचचे फलक फुकट रंगवून द्यायचा. आत टर्पेंटाइनचा वास, भिंतीला टेकलेल्या अर्धवट पाट्या, आणि उलट्या घातलेल्या डब्यांवर बसलेले लोक. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मयताला आल्यासारखे येत होते आणि जागा दिसेल तिथे टेकत होते.

"चेअरमनशी वाजलं असणार," दीर शेवटी म्हणाला.

"दुसऱ्या क्लबनं उचललं असेल," कुणीतरी म्हणालं.

"मास्तरांना? उचलून कुठे नेणार?" पेंटर म्हणाला. "त्यांना गाव सोडून दातदुखीचं औषध आणायला जायचं म्हटलं तरी जिवावर येतं."

मास्तर आधी शाळेत खेळाचे शिक्षक होते, म्हणून मास्तर. गळ्यात शाळेचीच शिट्टी घालून ते क्लबमध्ये आले आणि तळाला गेलेला संघ त्यांनी हाताला धरून वर आणला. त्यांच्याशिवाय क्लब कसा असतो हे तिथल्या तरुण पोरांना माहीतच नव्हतं, आणि म्हाताऱ्यांना आठवायचं नव्हतं.

"आता सावलीला बसवतील," दीर म्हणाला. सावली म्हणजे मास्तरांचा सहायक. जाईल तिथे दोन पावलं मागे असायचा.

"सावलीला आधी माणूस लागतो," पेंटर म्हणाला. "माणूसच उठून गेला. आता पडणार कुठून?"

"मग तो परदेशी कोच? पेपरवाले त्याचंच नाव घेतायत."

"आपल्या पोरांशी बोलणार कसा? खुणांनी?"

"मास्तर तरी कुठे बोलायचे? शिट्टीच तर वाजवायचे."

यावर एकदोघं हसले. मग जुन्या कप्तानाचं नाव निघालं. डावखुरा, देवासारखा खेळलेला, आता टायरचं दुकान चालवणारा. पेंटरनं मान हलवली. "स्वतःला पोहता येतं म्हणून माशाला शिकवायला ठेवतं का कुणी?"

वहिनी कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. नावं एकामागून एक कानांवर पडत होती आणि निघून जात होती. आपल्याला वाईट वाटायला हवंय, हे त्यांना कळत होतं. दात भरताना इंजेक्शन दिलं की गालाला बोट लावलेलं कळतं, पण तो गाल आपला वाटत नाही. तसं काहीतरी होतं. त्या गप्प आहेत म्हणजे सगळ्यांत जास्त त्यांनाच लागलंय, असं समजून लोक त्यांच्याकडे जपून बघत होते.

"वहिनी, तुम्ही जा," दीर एकदम म्हणाला.

"कुठे?"

"मास्तरांकडे. दादा गेला तेव्हा ते तुमच्याकडे येऊन बसले होते. तुमचा शब्द मोडणार नाहीत. नुसतं म्हणा, परत या. बाकीचं आम्ही क्लबशी बघतो."

सगळ्यांच्या माना वर झाल्या. पेंटर तर उठलाच. एका लांब कापडावर त्यानं दुपारीच लाल अक्षरांत 'मास्तर, परत या' लिहून ठेवलं होतं, आणि रंग अजून ओला होता. नाही म्हणायला काही कारण सुचलं नाही म्हणून वहिनी उठल्या.

मास्तरांचं घर मैदानाच्या मागच्या गल्लीत होतं. बाकीचे कोपऱ्यावरच्या दिव्याखाली थांबले. दार मास्तरांच्या बायकोनं उघडलं. तिचा चेहरा ओढलेला होता.

"या वहिनी. सकाळपासून पत्रकारांना परतवून लावतेय, पण तुम्हाला कसं परतवू? आत स्वयंपाकघरात आहेत."

मास्तर ओट्याजवळ स्टुलावर चढून नळाचा वायसर बदलत होते. बनियन आणि ट्रॅकसूटची पँट. इतकी वर्षं क्लबच्या निळ्या जाकिटात पाहिलेला माणूस बनियनमध्ये लहानखुरा वाटत होता.

"बरं झालं आलात," ते म्हणाले. "जरा बॅटरी धरा. हिचा हात हलतो."

वहिनींनी बॅटरी धरली. मास्तरांनी पान्यानं नळाचं डोकं सैल केलं, आतला झिजलेला वायसर नखानं उचकटला, बघितला आणि सिंकमध्ये टाकला.

"पोरं थांबलीयत ना कोपऱ्यावर?"

"त्यांनीच मला पाठवलंय. म्हणालेत, सांगा परत या म्हणून."

"सांगा मग."

"परत या," वहिनी म्हणाल्या. स्वतःच्याच आवाजाचं त्यांना नवल वाटलं. दुकानात सुटे पैसे मागावेत, तसा आला होता तो.

मास्तर हसले नाहीत. नवा वायसर बसवताना म्हणाले, "मागच्या मॅचला शेवटच्या मिनिटाला गोल झाला ना आपला?"

"हो."

"पोरं धावत आली, अंगावर पडली माझ्या. सावली रडत होता. आणि मी काय विचार करत होतो सांगू? घरचा नळ गळतोय, वायसर आणायला हवा." त्यांनी पाना फिरवला. "म्हटलं असेल एखाद्या दिवशी. मग आठवून पाहिलं. त्याच्या आधीच्या मॅचलाही तसंच, आणि त्याच्याही आधी. हरलो तरी काही नाही, जिंकलो तरी काही नाही. ओरडायचं तिथे ओरडतोय, मिठ्या मारायच्या तिथे मारतोय. सगळं बरोबर चाललंय, आणि मी त्यात नाहीच."

"चेअरमनना सांगितलंत?"

"काय सांगू? ते विचारतात, काय झालं. काही झालेलं नाही हेच झालंय, असं कोणाला सांगता येतं का?"

मास्तरांची बायको दारात उभी होती. "मला सांगता आलं असतं," ती हळू म्हणाली. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं.

"मलाही तसंच होतं," त्या म्हणाल्या. हे बोलायचं असं त्यांनी ठरवलं नव्हतं. "हे गेल्यापासून. मी वाजवते, लोक ओरडतात. गोल झालेला मला दिसत नाही, त्यांची तोंडं उघडलेली दिसतात. मग मी जोरात वाजवते."

"मग कशाला वाजवता?"

"वाजवावा लागतो."

"कोण म्हणालं?"

वहिनी आठवू लागल्या. दीर म्हणाला होता एकदा, त्या पहिल्या सकाळी. त्यानंतर कुणीच काही म्हटलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

मास्तर स्टुलावरून उतरले, त्यांनी नळ सोडला, बंद केला. खाली बोट धरून पाहिलं. "थांबला," ते म्हणाले. मग हात पुसत वहिनींच्या समोर आले. "तुमच्याकडे आलो होतो त्या दिवशी काहीतरी बोलायला हवं होतं मी. नुसता बसून आलो. शब्दच सुचेनात."

"बसलात तेच बरं झालं," वहिनी म्हणाल्या. "बाकी सगळे बोलत होते."

चहा पिऊन त्या बाहेर आल्या. कोपऱ्यावर लोकांनी त्यांना घेरलं.

"येत नाहीत," वहिनी म्हणाल्या.

"पण का? भांडण? आजार?"

"दमलेत."

"दमलेत?" पेंटर म्हणाला. "दमायला काय, धावायचं तर पोरांनी होतं!"

"दमलेत म्हटलं ना," वहिनींचा आवाज जरा चढला. "राहू द्या त्यांना."

पेंटरनं हातातल्या कापडाच्या गुंडाळीकडे पाहिलं. ओला रंग आतून दुसऱ्या बाजूला लागून अक्षरांचं वाटोळं झालं होतं. लोक थोडा वेळ तिथेच घुटमळले, सावली की परदेशी ते पुन्हा एकदा उगाळलं, आणि मग एकेक करून पांगले.

दीर घरापर्यंत सोबत आला. दारात वहिनी त्याला थांब म्हणाल्या, आत गेल्या आणि ढोल घेऊन आल्या.

"हा घेऊन जा, भाऊजी. रविवारी तुम्ही वाजवा."

"मी?" दीर मागे सरकला. "वहिनी, दादाचा ढोल आहे तो."

"दादाचा होता."

"लोक काय म्हणतील? मास्तर गेले, आणि तुम्हीही..."

"काय म्हणायचं ते म्हणू देत. मी येणार आहे मॅचला. नुसती बसणार आहे."

दिराच्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनींनी ते पाहिलं. आपल्याला त्याचं काहीतरी वाटतंय का, ते त्यांनी तपासून पाहिलं, आणि थोडंसं वाटलं. तेवढ्यानं त्यांनी ढोलाचा पट्टा त्याच्या खांद्यावर नीट केला.

रविवारपर्यंत क्लबनं सावलीला हंगामी कोच केलं. परदेशी पैशांवरून अडून बसला होता म्हणे, आणि डावखुऱ्यानं टायरचं दुकान सोडायला साफ नकार दिला होता. वहिनी बऱ्याच वरच्या पायरीवर जाऊन बसल्या. लोक वळून वळून त्यांच्याकडे बघत होते. एकदोघांनी येऊन विचारलं, तब्येत बरी ना. त्या म्हणाल्या, बरी.

मैदान एवढं मोठं असतं हे त्या विसरून गेल्या होत्या. आपल्या संघाचा डावा बचावपटू कसा धावतो ते त्यांना माहीतच नव्हतं. काटकुळा पोरगा, मोजे घसरलेले, पण चेंडू गेला की आधीच तिथे जाऊन उभा. खाली दीर ढोल बडवत होता आणि ताल पार हुकला होता. अर्धा स्टँड एका तालात, अर्धा दुसऱ्या. खेळही रटाळ चालला होता. वहिनी हात मांडीवर ठेवून बघत राहिल्या. मास्तरांच्या जागेवर सावली उभा होता आणि सवयीनं दोन पावलं मागेच सरकत होता.

हाफटाइमनंतर थोड्या वेळानं त्यानं बदली खेळाडू उतरवला. बाहेर कोण आलं तर तो काटकुळा डावा.

"अहो, त्याला का काढता!" वहिनी मोठ्यानं म्हणाल्या.

शेजारचा टोपीवाला माणूस वळला. "दमला होता तो."

"कुठे दमला होता? एकटाच तर धावत होता. काढायचं तर त्या मधल्याला काढा, मघापासून खांबासारखा उभा आहे."

"मधल्याला काढून चालेल का बाई? उंची आहे त्याची."

"उंची काय चाटायचीय? चेंडू खाली आहे!"

मागच्या पायरीवर कुणीतरी हसलं. टोपीवालाही हसला, पण हट्ट सोडेना. दोघं वाद घालत असतानाच रिकाम्या पडलेल्या डाव्या बाजूनं पाहुण्यांचा माणूस सुटला आणि गोल झाला. वहिनींनी तो होताना पाहिला. "बघा! सांगत होते ना मी!" त्या म्हणाल्या. टोपीवाल्यानं टोपी काढून मांडीवर आपटली.

संघ हरला. बाहेर पडताना फाटकापाशी दीर भेटला. घामानं निथळत होता आणि तोंड पडलं होतं.

"फार घाई करता तुम्ही, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "लोकांना श्वास घ्यायला वेळच देत नाही."

"शिकेन हळूहळू." त्यानं चाचरत विचारलं, "आणि मॅच कशी वाटली?"

"वाईट. फारच वाईट. त्या सावलीला डोळे आहेत का नाहीत?"

मग त्याला मध्ये बोलू न देता, रस्त्याच्या वळणापर्यंत, त्या सांगत राहिल्या.